फोटो आत येत नाहीत, त्यांचा पत्ता येतो

प्रश्न खानापूर तालुक्यातून आला आहे. जांबोटीच्या बाजूच्या एका गावातल्या भजनी मंडळाला पन्नास वर्षं होताहेत. विचारणारे त्याच मंडळातल्या पखवाज वाजवणाऱ्या आजोबांचे नातू. दिवसा डीटीपीचं काम करतात आणि सप्ताहाच्या शेवटच्या रात्री देवळासमोर पडद्यावर दाखवायला चार मिनिटांची फिल्म आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये करताहेत. मंडळाच्या जुन्या कॅसेटमधला एक अभंग त्यांनी एमपीथ्री करून घेतला आणि घरोघर फिरून १४० फोटो जमवले. अडचणी तीन आहेत. फोटो टाइमलाइनवर, म्हणजे वेळेच्या पट्टीवर, टाकले की सगळे पाच सेकंदांच्या आत झपझप पळून जातात. अभंग अडखळत वाजतो, मधेच गप्प होतो. आणि प्रोजेक्टची फाइल पेनड्राइव्हवर घालून बेळगावात मित्राच्या कॉम्प्युटरवर उघडली, तर फोटोंच्या जागी नुसते रंगीत पट्टे. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकावं का, असं त्यांनी विचारलंय.

नको. सॉफ्टवेअर ठणठणीत आहे. तुमची मेहनतही वाया गेलेली नाही, तासाभरात सगळं जागेवर येईल. पण त्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. ती कळली की या तीन अडचणी सुटतीलच, पुढच्या वीसही येणार नाहीत.

तुमची प्रोजेक्ट फाइल किती मोठी आहे ते बघा. दोन-चार एमबीची असेल. १४० फोटो आणि एक अख्खा अभंग त्यात मावेल का? मावणार नाही, कारण ते त्यात नाहीतच. आपण ‘इम्पोर्ट’ म्हणतो तेव्हा फोटो आत येत नाही. तो कुठल्या ड्राइव्हवर, कुठल्या फोल्डरात, कुठल्या नावाने ठेवलाय एवढा पत्ता आफ्टर इफेक्ट्स लिहून घेतो आणि दर वेळी त्या पत्त्यावर जाऊन फोटो बघून येतो. फोटो हलवला, नाव बदललं, फोल्डर दुसरीकडे नेलं, की पत्ता चुकला. मग त्या जागी तो रंगीत पट्टे दाखवतो. ‘इथे काहीतरी होतं, मला सापडत नाही’ असं सांगायची ती त्याची पद्धत आहे. तुम्ही पेनड्राइव्हवर पत्त्यांची वही तेवढी नेली, घरं खानापुरातच राहिली.

हे मी फार महागात शिकलो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी निपाणीच्या एका लग्नाचं काम होतं. फोटो मुलीकडच्यांच्या मेमरी कार्डावर होते. कार्ड रीडर लावला, तिथूनच थेट इम्पोर्ट केले आणि दोन दिवस काम केलं. स्क्रीनवर सगळं दिसत होतं, म्हणून सगळं आपल्याकडे आलंय असं मी धरून चाललो. कार्ड परत दिलं. त्यांनी ते पुसून पुढच्या कार्यक्रमाला वापरलं, त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. रात्री प्रोजेक्ट उघडलं तर टाइमलाइन जशीच्या तशी, प्रत्येक कीफ्रेम, म्हणजे हालचालीची खूण, जागेवर, आणि फोटो एकही नाही. नवरीच्या आजीचा त्या लग्नातला एकुलता एक फोटो त्यात होता. त्या घरी जाऊन हे सांगताना काय वाटलं ते मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून माझ्या स्टुडिओत नियम आहे. कार्ड असो, पेनड्राइव्ह असो, व्हॉट्सॲपचं डाउनलोड फोल्डर असो, आधी सगळं कामाच्या फोल्डरात कॉपी करायचं आणि मगच आफ्टर इफेक्ट्स उघडायचा.

तुमचेही १४० फोटो आत्ता कुठे कुठे विखुरलेत बघा. काही डेस्कटॉपवर असतील, काही डाउनलोडमध्ये, काही अजून फोनवर. एकच फोल्डर करा, नाव रोमन लिपीत आणि मोकळ्या जागा न सोडता द्या. त्यात चार खण करा: मूळ फोटो, कामाचे फोटो, आवाज आणि प्रोजेक्ट. मूळ फोटोंच्या खणाला कधीही हात लावायचा नाही. दुरुस्त केलेले, छोटे केलेले सगळे कामाच्या खणात. दुसऱ्या कॉम्प्युटरवर जायचं असेल तर हे अख्खं फोल्डर उचलायचं. किंवा फाइल मेनूत डिपेंडन्सीजमध्ये ‘कलेक्ट फाइल्स’ आहे. तो वापरलेला प्रत्येक फोटो आणि आवाज शोधून, प्रोजेक्टच्या प्रतीसकट एका नव्या फोल्डरात मांडून देतो. सोबत एक छोटी नोंदही लिहितो, त्यात वापरलेल्या फॉन्टची नावं असतात. फॉन्ट मात्र तो उचलत नाही, ते तुम्हीच न्यायचे.

आणि जे पट्टे आत्ता दिसताहेत त्यांच्यासाठी सगळं नव्याने करू नका. प्रोजेक्ट पॅनेलमध्ये, म्हणजे आत घेतलेल्या फाइल्सच्या यादीत, हरवलेल्या एका फोटोवर राइट क्लिक करून ‘रिप्लेस फूटेज’मध्ये त्याची नवी जागा दाखवा. बाकीचे त्याच फोल्डरात आधीच्याच नावांनी असतील तर आफ्टर इफेक्ट्स ते स्वतः शोधून घेतो. एकाला घर सापडलं की शेजारपाजारच्यांनाही सापडतं.

आता पळणारे फोटो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांचं पहिल्या आठवड्यात हे होतं. मागच्या वर्षी अनगोळचा एक मुलगा घाबराघुबरा होऊन आला, ‘काका, फोटो नुसते पळूलालेत की!’ कारण अगदी साधं आहे. तुम्ही डीटीपीवाले, म्हणजे शिस्तीने नावं दिली असणार: ००१, ००२, ००३, थेट १४० पर्यंत. आफ्टर इफेक्ट्सला असे ओळीने क्रमांक दिसले की त्याला वाटतं हे सुटे फोटो नाहीत, चलच्चित्राच्या एकामागोमाग एक फ्रेम आहेत. इम्पोर्टच्या खिडकीत खाली ‘जेपेग सिक्वेन्स’ असा चौकोन असतो, त्यात टिक पडलेली असते. टिक राहिली की १४० फोटोंची एकच वस्तू तयार होते. सिक्वेन्सचा मूळ वेग सेकंदाला ३० फ्रेम. १४० भागिले ३० म्हणजे ४.६७ सेकंद. तुमचे ‘पाच सेकंदांच्या आत’ ते हेच.

ती वस्तू प्रोजेक्ट पॅनेलमधून काढून टाका. मूळ फोटो सुरक्षित आहेत, आपण फक्त पत्ता खोडतोय. मग कंट्रोल-आय दाबा, सगळे फोटो निवडा, त्या चौकोनातली टिक काढा आणि आत घ्या. आता १४० सुट्या ओळी दिसतील. क्रमांक देणं सोडू नका. पुढे क्रम लावायला तेच कामाला येतात.

क्रम लावतानाही एकेक फोटो ओढत बसायची गरज नाही. प्रोजेक्ट पॅनेलमध्ये पहिला फोटो निवडून शिफ्ट धरून शेवटचा निवडा आणि सगळे एकदम खालच्या ‘नवीन कॉम्पोझिशन’ बटणावर सोडा. एक खिडकी उघडेल. त्यात ‘सिंगल कॉम्पोझिशन’ घ्या, प्रत्येक फोटो किती वेळ राहावा ते लिहा, ‘सिक्वेन्स लेयर्स’ला टिक करा आणि एकावर एक किती चढावेत ते सांगा. मी सेकंदाला २५ फ्रेमच्या कामात साधारण १५ फ्रेम चढवतो. एका झटक्यात सगळी माळ ओवली जाते. नंतर कोणाला थोडा जास्त वेळ, कोणाला कमी, हे हाताने करायचं.

इथे एक स्पष्ट बोलतो. १४० फोटो चार मिनिटांत घेऊ नका. २४० सेकंदांत १४० म्हणजे एका फोटोला पावणेदोन सेकंदही नाहीत. समोर बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना चष्मा सावरून ‘हे आपले तात्या नव्हं?’ असं शेजारच्याला विचारायला तरी वेळ हवा. पंचेचाळीस-पन्नास फोटो निवडा. एकट्या माणसाच्या फोटोला चार सेकंद पुरतात. ओळीने बसलेल्या अठरा वारकऱ्यांच्या फोटोला सात-आठ सेकंद द्या, कारण प्रत्येक घर आपला माणूस शोधत असतं. उरलेले फोटो फेकायचे नाहीत. कार्यक्रमाआधी लोक जमत असताना तेच फोटो आवाजाशिवाय अर्धा तास फिरते ठेवा. ज्यांनी ट्रंक उघडून तुम्हाला फोटो दिले त्या कोणाचंच मन दुखावणार नाही.

तिसरी अडचण, अडखळणारा अभंग. यात अभंगाचा दोष सगळ्यात कमी आहे. आफ्टर इफेक्ट्स हा टेप रेकॉर्डरसारखा लावला की वाजत नाही. तो प्रत्येक फ्रेम आधी तयार करतो, मेमरीत ठेवतो आणि मग दाखवतो. फ्रेम वेळेत तयार झाली नाही की चित्र रेंगाळतं आणि आवाज तुटतो किंवा बंद होतो. आणि तुमच्या फ्रेम वेळेत तयार होत नाहीत, कारण फोटो प्रचंड आहेत.

‘प्रचंड कुठे, चार-पाच एमबीचा तर फोटो’ असं तुम्ही म्हणाल. जेपेग म्हणजे घडी घातलेली नऊवारी आहे. कपाटात वीतभर जागा घेते, उलगडली की सोपाभर होते. कॉम्प्युटरला फोटो दाखवायचा तर घडी मोडावीच लागते, आणि मोडल्यावर प्रत्येक पिक्सेलला साधारण चार बाइट लागतात. फोनचा नेहमीचा ४००० गुणिले ३००० चा फोटो उलगडला की ४८ एमबी. हल्लीच्या पन्नास मेगापिक्सेलच्या फोनचा ८१६० गुणिले ६१२० चा फोटो उलगडला की जवळपास २०० एमबी. असे दोन फोटो एकावर एक चढत असताना वरून झूम आणि सावली टाकली, की आठ जीबी रॅमचा कॉम्प्युटर हातपाय गाळतो.

म्हणून इम्पोर्टच्या आधी फोटो मापात आणा. पडदा १९२० गुणिले १०८० चा आहे. फोटो हळूहळू वीस टक्के मोठा होत जाणार असेल तर रुंदी १९२० च्या सव्वापट, म्हणजे २४०० पुरते. मी लांब बाजू ३००० ठेवतो. उलगडून तो २७ एमबी होतो आणि पडद्यावर कुठेही फाटत नाही. फोटोशॉपमध्ये एकदा ॲक्शन रेकॉर्ड करून बॅचने लावली की पन्नास फोटो चहा पिऊन होईपर्यंत तयार. डीपीआयचा, म्हणजे इंचाला किती ठिपके याचा, आकडा इथे विसरा. पत्रिकेसाठी तुम्ही ३०० बघता, पण पडद्याला डीपीआय कळत नाही, त्याला फक्त पिक्सेलची संख्या कळते. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या रंगांतले, फोटोही त्याच वेळी आरजीबी, म्हणजे पडद्याच्या रंगांत, करून घ्या. छपाईच्या कामातून आलेल्या फोटोत हे हमखास राहतं आणि मग चेहरे आजारी दिसतात. फोनवर उभा काढलेला एखादा फोटो आडवा पडला असेल तर तोही इथेच सरळ करून सेव्ह करा. फोन बऱ्याचदा फोटो आडवाच साठवतो आणि ‘दाखवताना उभा करा’ अशी नोंद सोबत ठेवतो. ती नोंद सगळीकडे वाचली जातेच असं नाही. कोणा पाहुण्याने आयफोनवरून एचईआयसी प्रकारातला फोटो पाठवला असेल तर त्याचं जेपेग करून घ्या.

उलट अडचण व्हॉट्सॲपच्या फोटोंची. साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० वर येते. तो १९२० च्या पडद्यावर भरायचा म्हणजे सुरुवातीलाच वीस टक्के ताणला. त्यावर झूम केला की चेहरे मेणाचे दिसायला लागतात. ज्यांनी असे पाठवलेत त्यांना फोन करा आणि ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ म्हणून सांगा. पुण्या-मुंबईला गेलेली पोरं हे लगेच करतात. गावातल्या मावशींच्या फोनवरून मात्र तुम्ही स्वतः केबल लावून घेतलेलं बरं.

आता जुने छापील फोटो, कारण तुमच्या फिल्मचा जीव त्यात आहे. खानापूरच्या पश्चिमेचा पाऊस तुम्हाला मी काय सांगणार. जांबोटी-कणकुंबीकडच्या घरांतले फोटो ओलीने बुरसतात आणि फ्रेममधल्या काचेला चिकटून बसतात. चिकटलेला फोटो ओढून काढू नका. चेहऱ्याचा थर काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. काचेसकट स्कॅन करा, किंवा काचेसकट फोटो काढा. त्यासाठी फ्रेम सकाळच्या उजेडात खिडकीजवळ टेकवा, पण ऊन पडू देऊ नका. फ्लॅश बंद ठेवा. फोन आणि फ्रेमच्या मधे दोघांनी काळी घोंगडी ताणून धरायची आणि घोंगडीतल्या फटीतून फोनचा फक्त कॅमेरा बाहेर काढायचा. काचेत तुमचं आणि मागच्या भिंतीचं प्रतिबिंब पडतं त्या जागी घोंगडीचा काळोख येतो आणि आतला माणूस स्वच्छ दिसतो. हे मी शहापुरातल्या एका विणकराच्या घरी करून बघितलं, तेव्हा पंचवीस वर्षं भिंतीवर असलेल्या फोटोतल्या आजोबांच्या हातातल्या चिपळ्या त्या घरच्यांना पहिल्यांदा दिसल्या.

सुटे फोटो असतील तर सपाट स्कॅनरवर ६०० डीपीआयने घ्या. सहा बाय चारचा फोटो ३६०० गुणिले २४०० होतो, आपल्या कामाला उत्तम. आठ इंची समूहफोटो ४८०० पिक्सेल रुंद येतो. त्यात तुम्ही रुंदीच्या चाळीस टक्के भागापर्यंत आत जाऊ शकता, १९२० भागिले ४८००. त्याहून जवळ गेलात तर फोटो विरघळतो. हा एक फोटो मात्र ३००० वर आणू नका, मोठाच ठेवा. स्कॅनर १२०० वर लावून काही विशेष मिळत नाही, त्या छापील कागदात तेवढा बारकावाच नसतो. पासपोर्ट आकाराच्या फोटोला तेवढे १२०० द्या, कारण तो मुळातच साडेतीन सेंटिमीटर रुंद आहे.

उभे फोटो आडव्या पडद्यावर आले की दोन्ही बाजूंना मोकळी जागा उरते. तोच फोटो मोठा आणि धूसर करून मागे लावायची पद्धत सगळीकडे आहे. मला ती आवडत नाही. मेलेल्या माणसाचा चेहरा मागे फुगवून ठेवू नये. गडद, किंचित तांबूस सपाट रंग ठेवा, फोटो मधे शांत उभा राहू दे.

अभंगाकडे परत येतो. एमपीथ्रीवरून काम करू नका, ४८ किलोहर्ट्झची डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेल्या आवाजाची, फाइल करा. सीडी ४४.१ वर असते, व्हिडिओची रीत ४८ ची. चार मिनिटांचा स्टिरिओ, १६ बिटचा अभंग सुमारे ४६ एमबी होतो, घाबरण्यासारखं काही नाही. पण माझं मनापासून सांगणं असं आहे की आत्ताची एमपीथ्री बाजूला ठेवा आणि कॅसेट पुन्हा, नीट उतरवा. दुकानातून उतरवून आणलेल्या बहुतेक फाइल्स घाईत केलेल्या असतात. आवाज वर ठोकलेला आणि टाळ फाटलेले.

आधी कॅसेटच्या खिडकीतून फीत बघा. कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती लावू नका, कॅसेट डेकचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, खराब होईल आणि फीत तुटेल. ती जाणत्या माणसाकडे द्या. फीत स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून राहिलेले वेढे सुटतात. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. डेकच्या लाइन-आउटमधून वायर काढून कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये घाला. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका, तो एकाच बाजूचा आवाज घेतो आणि तोही फुगवून. ऑडॅसिटी हे आवाजाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात रेकॉर्ड करा. सर्वांत मोठा टाळ उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील एवढीच पातळी ठेवा.

उतरवल्यावर मंडळातल्या एखाद्या जुन्या जाणत्याला पेटी घेऊन बसवा. ‘आम्ही काळी दोनमध्ये म्हणत होतो’ हे त्यांना पक्कं आठवत असतं. कॅसेट पांढरी दोनला वाजत असेल तर सूर अर्ध्या पायरीने उतरलाय, म्हणजे डेकचा पट्टा सैल आहे किंवा रेकॉर्डिंगच्या वेळी मशीन वेगात होतं. ऑडॅसिटीत वेग सुमारे सहा टक्के वाढवला की सूरही जागेवर येतो आणि लयही. हे केल्यावर तुमच्या आजोबांचा पखवाज ऐका, थाप एकदम खणखणीत लागायला लागते. सूं असा आवाज कमी करायचा तर अभंग सुरू होण्याआधीचा दोन सेकंदांचा कोरा भाग नमुना म्हणून द्या आणि आठ-दहा डेसिबलवर थांबा. त्यापुढे गेलात की टाळ पाण्याखाली वाजल्यासारखे येतात. थोडा सूं राहू दे. ती त्या काळाची हवा आहे.

फाइल टाइमलाइनवर आली की आवाजाचा लेयर, म्हणजे टाइमलाइनवरची त्याची पट्टी, निवडून ‘एल’ दोनदा दाबा, लहरी उघडतील. लहर जरा मोठी करून बघा. टाळ जिथे एकत्र पडतो तिथे सुईसारखं उभं टोक येतं आणि पखवाजाची थाप जरा जाड, उतरत्या कडेची दिसते. दोन-चार आवर्तनं डोळ्यांनी आणि कानांनी एकत्र पाहिली की कुठलं टोक कोणाचं ते कळतं. नंबरपॅडवरचं टिंब दाबलं की चित्राची वाट न बघता नुसता आवाज वाजतो, आणि वाजत असताना नंबरपॅडवरची फुली, गुणाकाराची, दाबली की त्या क्षणी खूण पडते. डोळे मिटून ऐका आणि समेवर फुली मारत जा. शेवटी लेयरवर खुणांची रांग तयार होते, फोटो त्या खुणांवर बदला.

इंटरनेटवरचे धडे तुम्हाला बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, मोजायला सांगतील. मिनिटाला १०० ठोके असतील तर २५ फ्रेममध्ये एक ठोका बरोबर १५ फ्रेमचा येतो, १२० ठोके असतील तर साडेबाराचा येतो आणि घोटाळा होतो, वगैरे. ते यंत्रावर बनवलेल्या संगीताला ठीक आहे. जिवंत भजनाला ते मोजमाप लावू नका. भजन ठाय लयीत उठतं, मग चढतं, शेवटच्या ध्रुपदाला मंडळी उभी राहिलेली असतात आणि लय दुप्पट झालेली असते. पहिल्या मिनिटाची मापं तिसऱ्या मिनिटाला चालत नाहीत. त्यापेक्षा अभंगाची घडणच वापरा. कडवं चालू असताना एकेकट्या माणसांचे फोटो, आणि सगळे मिळून ध्रुपद उचलतात तिथे समूहफोटो. एका गळ्यावर एक चेहरा, सगळ्या गळ्यांवर सगळे चेहरे. लय चढली की फोटोंचा वेळ चार सेकंदांवरून तीन, अडीच असा उतरत आणा. देवळासमोर बसलेल्या माणसाला यातलं तंत्र कळणार नाही, पण हात आपोआप टाळीला येतील.

बघताना फार काळ तुटक वाजत असेल तर प्रिव्ह्यूचं रिझोल्यूशन ‘हाफ’ किंवा ‘क्वार्टर’ करा, ‘बी’ आणि ‘एन’ दाबून दहा-वीस सेकंदांचाच तुकडा ठरवा आणि तेवढाच तपासा. तुमच्याकडे पावसात करंट जातोच, तेव्हा ऑटो-सेव्ह दहा मिनिटांवर ठेवा.

नावांच्या पाट्या मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही घालणार असं तुम्ही लिहिलंय, फार चांगलं. गावात दोन्ही वाचणारी माणसं आहेत. पण श्रीलिपीतला किंवा जुन्या नुडीतला, म्हणजे युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला, मजकूर तसाच चिकटवू नका, तिथे रोमन अक्षरांचा गोंधळ उमटेल. युनिकोडमध्ये टाइप करा. आफ्टर इफेक्ट्सची आवृत्ती थोडी जुनी असेल तर प्रेफरन्सेसच्या ‘टाइप’ विभागात ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ इंजिन निवडा, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं तुटतात. पाट्या झाल्या की दोन्ही भाषांतली नावं ज्याच्या त्याच्या घरी वाचून घ्या. दिवंगत माणसाचं नाव चुकलं तर ते घर पुढे कायम तेच आठवतं.

सिनेमातलं एखादं भक्तिगीत शेवटी जोडायचं मनात असेल तर जोडू नका. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं त्यावर हक्क असतो आणि चाल-शब्दांचा हक्क त्याहून वेगळा. फिल्म पुढे यूट्यूबवर जाणारच आहे, तिथे आवाज बंद पडला तर सगळी मेहनत मुकी होईल. तुमच्याकडे स्वतःच्या मंडळाचं स्वतःचं गाणं आहे. ज्यांचे आवाज त्यात आहेत त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना एक शब्द विचारा, पुरे.

एक राहिलं, आणि ते कॅसेट डेकमध्ये घालण्याआधीच करायचं. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना प्लास्टिकच्या छोट्या पट्ट्या असतात. त्या अजून शाबूत असतील तर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दोन्ही मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी ते खाली जाणार नाही आणि तुमच्या आजोबांचा पखवाज पुसला जाणार नाही.